आतलं कापड

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. राधानगरीच्या पुढं, धरणाच्या फुगवट्याच्या कडेला आमच्या एका ओळखीच्यांचं शेत आहे, तिथं आम्ही दोन टेंट लावले होते. एकात बायको आणि लेक, दुसऱ्यात मी आणि आबा. लेकीचा हट्ट होता की ह्या वेळी आजोबा पण पाहिजेतच, आणि आबा ७१ वर्षांचे असले तरी 'येतो की, त्यात काय' म्हणून लगेच तयार. रात्री चुलीवर पांढरा रस्सा झाला, भाकरी झाली, लेकीला त्यांनी गव्यांच्या गोष्टी सांगितल्या, आणि साडेदहाला आम्ही आपापल्या टेंटमध्ये शिरलो.

पहाटे साडेतीनच्या आसपास मला जाग आली. शेजारून नायलॉनची खसखस येत होती. थांबायची, परत सुरू व्हायची. बाहेर स्वच्छ चांदणं होतं, टेंटच्या कापडातून आत पुरेसं झिरपत होतं, त्यामुळं बॅटरी न लावता मला दिसलं. आबा स्लीपिंग बॅगेतून अर्धे बाहेर येऊन बसले होते. त्यांनी त्यांची लुंगी, घरी नेसतात ती निळ्या चौकड्याची, पिशवीतून काढली, घडी मोडली, बॅगेच्या आत सारली, हातानं चाचपत चाचपत पायापर्यंत नेली, कोपरे सारखे केले, आणि मग त्या लुंगीच्या दोन पदरांच्या मधे हळूच शिरले. हे सगळं करताना माझी झोप मोडू नये म्हणून ते मधे मधे थांबत होते, श्वास रोखून. मी डोळे मिटून पडून राहिलो. काय बोलावं ते सुचेना.

सकाळी उठून बघतो तर लुंगी परत पिशवीत गेलेली. विचारलं, "झोप लागली का आबा?" म्हणाले, "लागली की. मस्त."

ती लुंगी काही डोक्यातून जाईना.

बॅगा आम्ही भाड्यानं आणल्या होत्या, कुठून ते जाऊ दे. केशरी रंगाच्या, कोपऱ्यावर मायनस पाचचं लेबल शिवलेलं. ते लेबल बघून मी निर्धास्त झालो होतो. आपल्याकडं थंडी पडून पडून किती पडणार, पहाटे चारला माझ्या छोट्या थर्मामीटरवर बाहेर ९ होते, म्हणजे आकड्यांच्या हिशेबात आबांना गरम व्हायला पाहिजे होतं. पण सकाळी त्यांची बॅग गुंडाळताना मी मुद्दाम आत हात घातला आणि कोपरापर्यंत तसाच ठेवला. पहिल्यांदा गार, स्टीलच्या ताटावर हात ठेवावा तसं. मग अर्ध्या मिनिटात गरम, आणि मग चिकट. त्या गुळगुळीत अस्तराला घाम प्यायचं माहीतच नाही, तो कातडी आणि कापडाच्या मधे तसाच बसून राहतो. आणि वास. आधी झोपून गेलेल्या कितीतरी माणसांच्या केसांचं तेल, थोडा धूर, थोडं ओलं पोतं. मला पंधरा वर्षं ट्रेक करून करून त्या वासाची सवय झालीय, मला तो कळतच नाही. पण हा माणूस रोज रात्री स्वच्छ धुतलेल्या चादरीवर झोपणारा, उशीचा अभ्रा आठ दिवसांत बदलला नाही तर स्वतः काढून भिजत घालणारा, आणि त्याला मी गळ्यापर्यंत त्यात कोंबून चेन लावून दिली होती.

घरी आल्यावर मी शोधायला लागलो. स्लीपिंग बॅगच्या आत घालायचं जे कापड असतं त्याला लायनर म्हणतात हे मला माहीत होतं, हिमालयात जाणारी मित्रमंडळी वापरतात, पण आपल्या सह्याद्रीत कशाला ते, असं वाटून मी कधी विचारच केला नव्हता. सोप्या भाषेत ती एक खोळ. गादीची खोळ गादीच्या बाहेर असते, ही बॅगेच्या आत, म्हणजे खरं तर माणसाची खोळ. काम दोन. एक, अंगाचा घाम आणि तेल बॅगेच्या भरावापर्यंत जाऊ द्यायचं नाही, कारण बॅग धुणं म्हणजे मोठं काम, वाळायला दोन दोन दिवस लागतात, आणि सारखी धुतली की आतला भराव बसतो. भराव बसला की ऊब गेली. खोळ काय, बादलीत टाकली, पिळली, दोरीवर. दुसरं काम ऊब वाढवायचं. बॅग स्वतः गरम करत नाही, आपल्याच अंगाची ऊब ती धरून ठेवते, आतल्या न हलणाऱ्या हवेत. लायनरनं त्या हवेचा अजून एक पातळ थर मिळतो.

तीन आठवडे मी रात्री जेवण झालं की हेच वाचत बसायचो. रेशमी लायनर १२० ते १५० ग्रॅमचं, मुठीत मावतं. सुती त्याच्या दुप्पट तिप्पट वजनाचं. फ्लीसचं चांगलं गरम, पण जवळपास दुसरी बॅगच पाठीवर घेतल्यासारखं, आणि फ्लीस बॅगेच्या अस्तराला घासत राहतं, कूस बदलली की सगळं अंगाभोवती पीळ घेतं. मायक्रोफायबर झटकन वाळतं. आणि प्रत्येकावर आकडा. हे लावलं की इतके अंश वाढतील, ते लावलं की तितके, एकावर तर थेट १५ अंशांपर्यंतचा दावा. मी वहीत तक्ता केला, किंमत, वजन, अंश.

मग ह्या अंशांच्या मुळाशी गेलो तर वेगळंच दिसलं. स्लीपिंग बॅगवरचे आकडे एका आंतरराष्ट्रीय चाचणीतून येतात, आयएसओ २३५३७ तिचा नंबर, आतून गरम करता येणारा एक पुतळा बॅगेत झोपवून मोजतात. त्या मापांमागं एक प्रमाण पुरुष धरलेला असतो, वय २५, उंची १७३ सेंटीमीटर, वजन ७३ किलो. आणि प्रमाण स्त्री, वय २५, उंची १६०, वजन ६०. कम्फर्टचा आकडा, म्हणजे जिथवर आरामात झोप लागते तो, त्या स्त्रीवरून ठरतो, लिमिटचा, म्हणजे जिथवर कशीबशी झोप लागते तो, त्या पुरुषावरून, तो सुद्धा गोळा होऊन झोपलाय असं धरून. भाड्याच्या बॅगांवर एकच मोठा आकडा असतो, तो कम्फर्टचा की लिमिटचा की कुणी तरी असाच छापलेला, कळायला मार्ग नाही. आणि लायनरवरचा आकडा तर ह्या चाचणीतला नसतोच, तो बनवणाऱ्याचा स्वतःचा अंदाज. मी वही मिटली. आमच्या आबांचं वय ७१, वजन ५८, आणि ते पाय लांब करून उताणे झोपतात. त्या पंचविशीतल्या प्रमाण पुरुषाशी त्यांचं कशातच जमत नाही. म्हाताऱ्या अंगाची ऊबच मुळात कमी, बारीक माणसाभोवती बॅगेत मोकळी जागा जास्त, ती सगळी हवा बिचाऱ्यानं स्वतःच्या अंगानं तापवायची.

इथं थोडं आबांबद्दल सांगायला पाहिजे. आबा ३६ वर्षं कोल्हापुरात महाद्वार रोडवर कापडाच्या दुकानात होते. मालक नव्हते, गादीवर बसून गिऱ्हाइकाला कापड दाखवणारे. लहानपणी शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचो आणि पायरीवर बसून बघत राहायचो. ताका असा भिरकवायचे की तो गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापाशी जाऊन बरोबर थांबायचा, कापड पाण्यासारखं पसरत यायचं. मग ते कापडाचा कोपरा अंगठा आणि पहिल्या बोटात धरून चोळायचे. तेवढंच. डोळे दुसरीकडं, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं, आणि बोटं चालू. "खळ जास्त हाय ह्याला, एका धुण्यात लोळागोळा होईल." "हे घ्या वहिनी, पोत बघा." दिवाळीत इतकी गर्दी असायची की रात्री घरी आले की त्यांच्या बोटांच्या टोकांची कातडी सोललेली असायची, आई खोबरेल लावायची. आजही ते कुणाला भेटले की नमस्कार करताना नकळत समोरच्याच्या बाहीचं कापड बोटात येतं त्यांच्या. लेक हसते त्याला. मी पण हसायचो.

आणि मी तीन आठवडे ह्या माणसाच्या शेजारच्या खोलीत बसून कापड शोधत होतो आणि त्यांना विचारलं नव्हतं.

का नाही विचारलं, ह्याचं मला नीट उत्तर देता येत नाही. वाटलं असेल की हे माझं क्षेत्र, डोंगर, टेंट, बॅगा. त्यांना सरप्राइज द्यावं असंही होतं. आणि खरं सांगायचं तर त्या लुंगीचा विषय काढायला नको होता. त्यांनी लपवलं होतं म्हणजे त्यांना ते माझ्यापर्यंत येऊ द्यायचं नव्हतं, पोरानं हौसेनं आणलंय तर आपण कुरकुर कशाला, असा त्यांचा स्वभाव. मी विषय काढला तर त्यांची ती रात्रभराची काळजी वाया गेली असती. असे दोघं एकमेकांना जपत होतो, आणि त्यात त्यांची झोप जात होती.

रेशमी मागवलं. महाग होतं, पण वाचून वाचून मन त्याच्यावरच आलं होतं. आलं तेव्हा इतकीशी पुरचुंडी, आईनं विचारलं रुमाल आहे का. आबांना म्हटलं, आता परत गेलो की हे तुमच्या बॅगेत. त्यांनी पहिल्यांदा कोपरा धरला, बोटात चोळला. चेहरा खुलला. "रेशीम चांगलं हाय." मग दिवाणावर बॅग पसरून आम्ही आत घातलं आणि ते शिरले. लायनर ममी आकाराचं, पायाकडं निमुळतं, डोक्याला टोपी, वरूनच शिरायचं, बाजूनं उघडायची सोय नाही. त्यांनी पाय हलवायचा प्रयत्न केला, कूस बदलली, लायनर त्यांच्याबरोबर फिरलं आणि टोपी तोंडावर आली. पाच मिनिटं तसेच पडून राहिले. मग उठून बसले, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "छान हाय रे. तू वापर."

मग मात्र मी विचारलं. लुंगीचं नाव काढलं नाही, एवढंच म्हणालो, आबा, तुम्हाला कसलं पाहिजे ते सांगा, तुम्हीच निवडा.

ते जे बोलायला लागले ते तासभर. पहिलं म्हणजे रात्री दोनदा उठावं लागतं, म्हणजे बाजूनं उघडं पाहिजे, आणि बॅगेची चेन ज्या बाजूला त्याच बाजूला, नाहीतर अंधारात माणूस चेन उघडून बसतो आणि कापडात अडकतो. ही गोष्ट मी वाचलेल्या एकाही ठिकाणी इतकी स्पष्ट नव्हती. दुसरं, पाय मोकळे पाहिजेत. तिसरं, अंगाला लागणारं कापड अंगाला धरून राहिलं पाहिजे, रेशीम निसटतं, निसटलं की माणूस झोपेत पण त्याला धरायला बघतो. आणि मग त्यांनी त्यांच्या आईच्या वाकळीचं सांगितलं. माझ्या आजीच्या. ती वाकळ शिवायला बसली की लुगडी पसरून ठेवायची, आणि सगळ्यात जुनं, विरत आलेलं लुगडं अंगाकडच्या बाजूला घ्यायची. वरून त्यातल्या त्यात धड असेल ते. बघणाऱ्याला वाकळ देखणी दिसायची, आणि झोपणाऱ्याला कधी टोचायची नाही. मला ती वाकळ आठवते, ओलसर पावसाळी रात्री तिचं वजन अंगावर पडायचं ते आठवतं, पण कुठली बाजू आत हे मी कधी बघितलं नव्हतं. घालणारी आजी होती ना.

घोंगड्याचं पण तेच, ते म्हणाले. तरुणपणी पन्हाळ्यावरून पावनखिंडीला ते चार वेळा चालत गेलेत, भर आषाढात, म्हसाईच्या पठारावर वारा असा की पाऊस आडवा यायचा. पाठीवर घोंगडं. चिंचोक्याची खळ दिलेलं नवं घोंगडं पावसाला चांगलं, पण उघड्या अंगाला घेऊन झोपता येत नाही, काट्यासारखं. "मग आम्ही काय करायचो, धोतर आत, घोंगडं वर. तुझं ते काय, लायनर, दुसरं काय असतंय ते." असं म्हणून ते थांबले आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटतं त्या क्षणी त्यांना कळलं की मला लुंगी दिसली होती. दोघंही काही बोललो नाही.

रविवारी आम्ही कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला, कापडाच्या बाजारात गेलो. आबा पुढं, मी मागं. तीन दुकानं फिरलो. मलमल हातात घेतली आणि ठेवली, "मऊ हाय, पण पायाच्या अंगठ्यानं महिन्यात फाटंल." पॉपलीन घेतलं, कडक म्हणाले. शेवटी इचलकरंजीचं एक केंब्रिक, म्हणजे बारीक विणीचं सुती कापड निघालं, पांढरं, ४४ इंच पन्ह्याचं. त्यांनी कोपरा चोळला, मग दोन्ही हातांत ताणून उजेडाकडं धरलं, मग कापडाला तोंडाजवळ नेऊन गालावर फिरवलं. दुकानदार जुना होता, तो काही न बोलता बघत राहिला, एका कापडवाल्याला दुसरा कळतो. पावणेपाच मीटर घेतलं. मी म्हटलं साडेचार पुरतंय की, सव्वादोन मीटरची खोळ, दुहेरी साडेचार. "आटल्यावर?" एवढंच म्हणाले.

कापायच्या आधी दोन दिवस भिजत, रोज पाणी बदलून, खळ पूर्ण निघेपर्यंत. मग तीन धुणी. आई म्हणाली एवढं तर कुणी बाळंतपणाला करत नाही. वाळल्यावर मोजलं तर खरंच आटलेलं. मधोमध दुमड घातली ती पायाकडं ठेवली, म्हणजे पायाच्या बोटांखाली शिवण येत नाही. एका बाजूची किनार तशीच ठेवून दुसरी बाजू पायाकडं थोडी निमुळती कापली, ममीसारखी नाही, नुसती कलती. किनारीच्या बाजूनं वरचा दोन फूट भाग उघडा, तो चेनीकडं. शिवण आत दुमडून दोनदा मारली, धागे टोचू नयेत म्हणून. पायाच्या दोन कोपऱ्यांना नाड्या लावल्या, त्या बॅगेच्या आतल्या छोट्या हुकांना बांधायच्या, मग कितीही कूस बदला, खोळ जागच्या जागी. मशीन आईनं चालवली, मापं आबांनी घेतली, स्टूलवर बसून, कानावर पेन्सिल, दुकानात असायची तशी. उरलेल्या तुकड्यांचा उशीचा अभ्रा झाला.

माझ्याकडून त्यांना एक हातरुणासारखी चौकोनी बॅग घेतली, आता भाड्याची नको. आणि जाड मॅट, दोन, एकावर एक. कारण लायनर कितीही चांगलं असलं तरी खालून येणाऱ्या गारव्याला ते काही करत नाही, बॅगेचा भराव पाठीखाली चेपला की तिथं हवाच राहत नाही, आणि जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेत राहते. खालचं काम मॅटचंच. आणि ह्या वेळी टेंट पाण्यापासून वर, बांधाच्या वरच्या अंगाला लावायचा असंही ठरवलं, गार हवा जड असते, रात्री ती उतरून खोलगटात जाऊन साठते, आणि आम्ही जानेवारीत नेमके त्या खोलगटात झोपलो होतो.

सुती लायनर सगळ्यांना चालेल असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात नाही, ओलं झालं की वाळत नाही आणि ओलं सूत अंगाला लागलं की आहे ती ऊबही जाते. पाठीवर घर घेऊन चार दिवस चालायचं असेल तर ते वजन नको वाटेल, तिथं रेशमीच, आणि माझं रेशमी मी आता तसंच वापरतोय, वरून शिरायची मला अडचण नाही. पण गाडी शेताच्या बांधापर्यंत जाते, थंडी आठ-दहा अंशांची, कोरडी, आणि झोपणारा माणूस साठी-सत्तरीचा आहे, तर अंशांचा तक्ता बाजूला ठेवावा आणि त्या माणसाला घेऊन कापडाच्या दुकानात जावं असं मला मनापासून वाटतं.

ह्या डिसेंबरात परत गेलो. तेच शेत, टेंट वरच्या अंगाला. मी मुद्दाम जागा राहायचं ठरवलं होतं, साडेतीनपर्यंत. पाण्याकडून टिटवी ओरडत होती. दीडला एकदा चेनीचा आवाज आला, आबा उठले, बाहेर जाऊन आले, आत शिरले, चेन ओढली. कुठं काही अडकलं नाही. नंतर खसखस नाही, मधे मधे थांबणं नाही. नुसता श्वास, एकसारखा. मला कधी झोप लागली कळलं नाही.

सकाळी साडेसातला ऊन टेंटवर आलं तरी ते झोपलेलेच, केंब्रिकचा काठ हनुवटीपर्यंत ओढलेला, एक हात बाहेर आणि त्या हाताच्या दोन बोटांत काठाचा कोपरा. लेकीला मी बाहेरूनच गप्प बस म्हणून खुणावलं. त्यांच्या बीपीच्या गोळीची वेळ झाली होती म्हणून मी त्यांची पिशवी हळूच पुढं ओढली आणि डबी शोधायला आत हात घातला. डबी सगळ्यात खाली होती. तिच्यावर निळ्या चौकड्याची लुंगी, आईनं घालून दिलेली घडी तशीच.